विश्लेषण : वैश्विक किरणांचा माग औंढा नागनाथपर्यंत कसा पोहोचला?

अवकाशातून पृथ्वीवर सतत सूक्ष्म कणांचा मारा होत असतो. त्यातील अगदी मोजक्या कणांमध्ये माणसाने बांधलेल्या सर्वांत मोठ्या कणवेगवर्धकाच्या कोट्यवधी पट ऊर्जा असते. हे कण कशाचे बनलेले आहेत आणि त्यांना एवढी ऊर्जा कोण देते, या प्रश्नांवर शास्त्रज्ञ अनेक दशके काम करत आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सिद्धान्ताने त्याचे उत्तर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत शोधले. अशा टकरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे. या दोन गोष्टींचा संबंध काय, आणि वेधशाळेला होणाऱ्या उशिराला महत्त्व का आहे, याचा आढावा.

वैश्विक किरण म्हणजे नेमके काय?

नावात किरण असले तरी हे प्रकाशकिरण नव्हेत. ते विद्युतभारित कण आहेत. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी ऑगस्ट १९१२ मध्ये फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली. त्यांच्या उपकरणांनी नोंदवलेला किरणोत्सार एका मर्यादेनंतर उंचीबरोबर वाढत गेला. याचा अर्थ त्याचा उगम जमिनीत नव्हता, तो वरून येत होता. या शोधासाठी हेस यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कमी ऊर्जेच्या वैश्विक किरणांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रके असतात. उरलेल्यांत बहुतांश हेलियम आणि जेमतेम एक टक्का कार्बन, ऑक्सिजन, लोह यांसारखी जड केंद्रके असतात. हे कण वातावरणावर आदळले की त्यातून नवे कण निर्माण होतात, ते पुढच्या अणूंवर आदळतात आणि कणांची एक सरच जमिनीकडे येते. या सरीतले म्युऑन नावाचे कण भिंती, छप्पर आणि आपले शरीर सहज पार करतात. हातातल्या मोबाइलच्या पडद्याएवढ्या जागेतून दर सेकंदाला असे एक-दोन म्युऑन जात असतात.

‘अतिउच्च ऊर्जा’ म्हणजे किती?

कणांची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात. एकावर अठरा शून्ये एवढे इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. या पातळीवरच्या आणि त्यापुढच्या कणांना अतिउच्च ऊर्जेचे वैश्विक किरण म्हटले जाते. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यात ३२० एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कण नोंदवला गेला. ताशी ९० किलोमीटर वेगाने फिरकी गोलंदाजाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते, तेवढी त्या एका केंद्रकात होती. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये एका प्रोटॉनला जास्तीत जास्त जी ऊर्जा मिळते, तिच्या चार कोटी पटींहून ती अधिक होती.

२७ मे २०२१ रोजी युटातल्याच ‘टेलिस्कोप अॅरे’ या प्रयोगाने सुमारे २४४ एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण टिपला. जपानी सूर्यदेवतेच्या नावावरून त्याला ‘अमातेरासू’ म्हटले गेले. तो ज्या दिशेने आला, तिथे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची जवळजवळ रिकामी पोकळी आहे. एवढी ऊर्जा देऊ शकेल असे काहीही तिथे दिसत नाही.

असे कण फार दुर्मीळ असतात. शंभर एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत सरासरी एकही पडत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी अख्ख्या तालुक्याएवढ्या क्षेत्रावर उपकरणे पसरावी लागतात.

ते कशाचे बनले आहेत, हे कळणे का महत्त्वाचे?

प्रकाश सरळ रेषेत येतो, त्यामुळे दुर्बीण वळवली की उगम दिसतो. वैश्विक किरणांचे तसे नाही. विद्युतभार असल्यामुळे वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत त्यांचा मार्ग वाकतो. किती वाकतो, हे त्यांच्यावरील भारावर अवलंबून असते. प्रोटॉनवर एक एकक भार असतो, लोहाच्या केंद्रकावर २६. समान ऊर्जा असलेल्या प्रोटॉनपेक्षा लोहाचा मार्ग २६ पट अधिक वाकतो. सर्वाधिक ऊर्जेचा प्रोटॉन आपल्या उगमाच्या दिशेपासून काही अंशच ढळलेला असेल, पण लोहाचे केंद्रक आकाशाच्या भलत्याच कोपऱ्यातून आल्यासारखे वाटेल. त्यामुळे कण हलका आहे की जड, हे ठाऊक नसेल तर तो कुठून आला हे विचारण्यातच अर्थ उरत नाही. अमातेरासू जड केंद्रक असेल, तर त्याची रिकाम्या पोकळीतून आल्यासारखी दिसणारी दिशा फसवी ठरते.

दुसरे कारण ऊर्जेचे. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने कणांना वेग देणारी कोणतीही खगोलीय यंत्रणा कणाला त्याच्या भाराच्या प्रमाणात ऊर्जा देते. प्रोटॉनसाठी तिची जी कमाल मर्यादा असेल, तिच्या दुप्पट हेलियमसाठी आणि २६ पट लोहासाठी. म्हणजे ऊर्जा वाढत जाते तसे आधी प्रोटॉन संपतात, मग हेलियम, आणि शेवटी जड केंद्रके उरतात. ऊर्जेनुसार घटक कसे बदलतात, हे मोजले की ती यंत्रणा किती ताकदीची आहे, याचा अंदाज बांधता येतो.

घटक ओळखतात कसे?

कमी ऊर्जेचे कण फुग्यांवर किंवा उपग्रहांवर बसवलेल्या उपकरणांत थेट पकडता येतात. अतिउच्च ऊर्जेचे कण इतके विरळ असतात, की उपग्रहावरच्या छोट्या उपकरणात ते सापडण्याची शक्यता नगण्य असते. तिथे वातावरणच उपकरण म्हणून वापरावे लागते. मूळ कण हवेत फुटून जातो, मात्र त्याने निर्माण केलेल्या सरीच्या आकारावरून तो ओळखावा लागतो.

त्यासाठी दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण म्हणजे सर कोणत्या उंचीवर सर्वांत दाट होते. लोहाच्या केंद्रकात ५६ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. आदळल्यावर ते छप्पन्न वेगवेगळ्या, प्रत्येकी छप्पन्नाव्या हिश्शाच्या ऊर्जेच्या कणांसारखे वागते. त्यामुळे त्याची सर वातावरणात वरच्या वर फुलते, प्रोटॉनची सर खोलवर उतरते. शिवाय प्रोटॉनच्या सरी एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतात, तर लोहाच्या सरी बऱ्याच सारख्या. सर हवेतून जाताना नायट्रोजनचे रेणू अंधुक चमकतात, ती चमक चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री दुर्बिणींनी टिपता येते.

दुसरी खूण म्हणजे म्युऑनची संख्या. समान ऊर्जेला जड केंद्रकाच्या सरीत प्रोटॉनच्या सरीपेक्षा अधिक म्युऑन असतात. मात्र ही खूण वापरताना एक अडचण आहे. प्रत्यक्षात दिसणारे म्युऑन संगणकीय प्रारूपांनी वर्तवलेल्या संख्येपेक्षा जास्त भरतात. एवढ्या प्रचंड ऊर्जेच्या टकरींत नेमके काय होते, हे अजून पूर्ण समजलेले नाही. त्यामुळे घटकांविषयीच्या प्रत्येक निष्कर्षात प्रारूपाची अनिश्चितता मिसळलेली असते.

या संशोधनात भारत कुठे आहे?

भारताचे या क्षेत्राशी नाते जुने आहे. होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने वैश्विक किरणांपासून इलेक्ट्रॉनची सर कशी निर्माण होते, हे समजावून सांगितले. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, या विषयाचे केंद्र बनली.

आज ‘पीटर्स चक्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेमागचे बर्नार्ड पीटर्सही काही वर्षे मुंबईत होते. वैश्विक किरणांत जड केंद्रके असतात, हे १९४८ मध्ये दाखवून देणाऱ्या गटात त्यांचा समावेश होता. अमेरिकेतील राजकीय संशयाच्या वातावरणात ते १९५० च्या दशकात टीआयएफआरमध्ये आले. पुढे १९६१ मध्ये त्यांनी वर सांगितलेला क्रम मांडला, आधी प्रोटॉनची मर्यादा आणि मग भारानुसार एकेका जड केंद्रकाची. भारत सरकारने १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. मुंबईशी जोडलेले हे नाव आजही अतिउच्च ऊर्जेच्या किरणांवरच्या जवळपास प्रत्येक चर्चेत येते.

सध्या उटी येथे टीआयएफआरचा ‘ग्रेप्स-३’ प्रयोग सुरू आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, २५ हजार चौरस मीटर जागेत सुमारे ४०० शोधक आणि त्यांच्या जोडीला ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक अशी त्याची रचना आहे. या प्रयोगातील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रोटॉनचा ऊर्जापट प्रसिद्ध केला. सुमारे १६६ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रोटॉनची घट अपेक्षेपेक्षा मंदावते, असे त्यात आढळले. ही ऊर्जा अमातेरासूच्या दहा लाखांव्या भागाइतकीही नाही. परंतु पद्धत तीच, म्युऑन मोजून हलके आणि जड वेगळे करण्याची.

आतापर्यंत काय हाती लागले आहे?

या विषयातली सर्वांत मोठी नोंद अर्जेंटिनातील मालार्ग्वेजवळच्या पिएर ओजे वेधशाळेची. तिथे सुमारे ३ हजार चौरस किलोमीटर माळावर १,६०० हून अधिक पाण्याच्या टाक्या दीड-दीड किलोमीटर अंतरावर ठेवल्या आहेत. प्रत्येक टाकीत १२ टन शुद्ध पाणी असते. जोडीला २७ दुर्बिणी आकाशातील चमक टिपतात.

या वेधशाळेच्या नोंदींतून एक ठळक कल दिसतो. सुमारे दोन एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत कण हलके होत जातात. त्यापुढे मात्र ते हळूहळू जड होत जातात आणि सरींमधला फरकही कमी होतो. सर्वाधिक ऊर्जेला प्रोटॉन फारसे उरत नाहीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०१७ मध्ये याच वेधशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. आठ एक्सा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे कण आकाशाच्या एका बाजूने किंचित जास्त येतात आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडची नाही. म्हणजे त्यांचा उगम आकाशगंगेबाहेर आहे.

युटातील टेलिस्कोप अॅरेचे सुरुवातीचे निष्कर्ष प्रोटॉनच्या बाजूने झुकणारे होते. दोन्ही गटांनी एकत्र बसून तुलना केली, तेव्हा मोजमापातील त्रुटींची मर्यादा धरता दोन्ही नोंदी परस्परविरोधी नाहीत, असे दिसले. युटातील नोंदी संख्येने कमी आहेत आणि दोन प्रयोग आकाशाचे बरेचसे वेगळे भाग पाहतात, हेही लक्षात घ्यावे लागते. ओजे वेधशाळेत आता प्रत्येक टाकीवर अतिरिक्त शोधक आणि रेडिओ अँटेना बसवण्यात आले आहेत. हेतू हाच, की प्रत्येक सरीतले म्युऑन वेगळे मोजता यावेत.

न्यूट्रॉन ताऱ्यांवर संशय का?

एवढी ऊर्जा देणाऱ्या संशयितांची यादी मोठी आहे. महाकाय कृष्णविवरे असलेल्या सक्रिय दीर्घिका, गॅमा किरणांचे स्फोट, नव्या ताऱ्यांची घाऊक निर्मिती करणाऱ्या दीर्घिका ही त्यातली प्रमुख नावे. २००७ मध्ये ओजे वेधशाळेने जवळच्या सक्रिय दीर्घिकांशी कणांच्या दिशा जुळत असल्याचे जाहीर केले होते. नोंदी वाढल्या तसा तो मेळ फिका पडला.

न्यूयॉर्क विद्यापीठातील ग्लेनिस फरार यांनी २०२५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये वेगळा संशयित पुढे केला, तो म्हणजे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप होणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या. त्यांचा युक्तिवाद घटकांपासूनच सुरू होतो. एका ठराविक ऊर्जेला येणारे कण बरेचसे एकसारखे दिसतात. उगमस्थाने वेगवेगळ्या ताकदीची असती, तर एकाचे प्रोटॉन आणि दुसऱ्याचे लोह एकाच ऊर्जेला मिसळले असते. तसे दिसत नाही, म्हणजे सगळी उगमस्थाने जवळपास सारख्या ताकदीची असावीत. सक्रिय दीर्घिका लहान-मोठ्या असतात. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांचे वस्तुमान मात्र अरुंद पट्ट्यात राहते. त्यामुळे त्यांच्या टकरीत तयार होणारी चुंबकीय क्षेत्रे आणि कणांचे झोतही सारखेच असण्याची शक्यता अधिक.

दुसरा धागा जड केंद्रकांचा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी पाहिलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून लोहापेक्षा जड मूलद्रव्ये तयार होतात, याचे थेट पुरावे मिळाले. सोने, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचा मोठा हिस्सा अशाच टकरींतून आला असावा, असे आता मानले जाते. फरार यांच्या मते अमातेरासूसारखे विक्रमी ऊर्जेचे कण टेल्युरियम किंवा झेनॉन यांसारख्या, लोहाच्या दुप्पट भार असलेल्या केंद्रकांचे असू शकतात. भार दुप्पट म्हणजे त्याच यंत्रणेतून मिळणारी ऊर्जाही दुप्पट.

हा सिद्धान्त सिद्ध झालेला नाही. तो तपासता येतो, हे त्याचे बळ आहे. त्याच्या तपासणीत लायगोसारख्या वेधशाळांची भूमिका महत्त्वाची आहे.

औंढ्याची वेधशाळा वैश्विक किरण मोजणार का?

नाही. लायगो-इंडिया गुरुत्वीय लहरी मोजणार आहे. प्रचंड वस्तुमानाच्या गोष्टी एकमेकांभोवती वेगाने फिरतात तेव्हा अवकाश-काळात तरंग उठतात. ते पृथ्वीवरून जाताना अंतरे किंचित ताणली आणि आकसली जातात. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांत लेसरचे झोत आरशांवरून परावर्तित करून हा फरक मोजतात. तो प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असतो. लायगोच्या दृष्टीने वैश्विक किरण हे उलट व्यत्ययाचे संभाव्य कारण आहेत. अमेरिकेतील हॅनफोर्ड वेधशाळेत त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक शोधकही बसवलेला आहे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. एखादी टक्कर गुरुत्वीय लहरींत दिसली म्हणून तिच्यातून निघालेला वैश्विक किरणही त्याच दिवशी सापडेल, असे होणार नाही. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्या वेगाने सरळ येतात. विद्युतभारित जड केंद्रक चुंबकीय क्षेत्रांत भरकटत हजारो वर्षे किंवा त्याहूनही उशिरा पोहोचते. त्यामुळे पुरावा दोन वेगळ्या वाटांनी गोळा करावा लागेल.

पहिली वाट हिशेबाची. विश्वात दरवर्षी अशा किती टकरी होतात, हे कळले तर त्यांच्यातून मिळणारी एकूण ऊर्जा वैश्विक किरणांसाठी पुरते की नाही, हे ताडता येते. आजचा अंदाज किमान आणि कमाल यांत दहा पटींहून अधिक तफावत असलेला आहे, कारण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची खात्रीशीर उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

दुसरी वाट न्यूट्रिनोंची. अतिवेगवान केंद्रके उगमाजवळच आजूबाजूच्या पदार्थाशी किंवा प्रकाशाशी टकरतात, तेव्हा न्यूट्रिनो निर्माण होतात. त्यांना भार नसल्याने ते सरळ आणि जवळपास प्रकाशाच्याच वेगाने येतात. गुरुत्वीय लहरींपाठोपाठ त्याच दिशेने अतिउच्च ऊर्जेचा न्यूट्रिनो आला, तर तो मोठा पुरावा ठरेल. भूमध्य समुद्रातील शोधकाने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी टिपलेल्या सुमारे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रिनोमुळे असे कण खरोखर येतात, हे स्पष्ट झाले आहे. मात्र ‘त्याच दिशेने’ हे ठामपणे म्हणण्यासाठी गुरुत्वीय लहरींची दिशा अचूक कळायला हवी.

अमेरिकेत दोन वेधशाळा असताना औंढ्याची गरज काय?

गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला दुर्बिणीसारखी दिशा नसते. तिची तुलना कानाशी करता येईल. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. दूरदूरच्या वेधशाळांत लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून दिशा काढतात.

दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. २०१७ ची टक्कर अमेरिकेतील दोन्ही लायगो आणि इटलीतील व्हर्गो अशा तीन वेधशाळा सुरू असताना घडली. केवळ लायगोच्या नोंदींवरून आकाशाचा सुमारे १९० चौरस अंशांचा पट्टा शोधावा लागला असता. व्हर्गोमुळे तो सुमारे ३० चौरस अंशांवर आला. काही तासांतच दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत ती टक्कर शोधली. पुढे पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही तिच्या अवशेषांचे वेध घेतले.

२५ एप्रिल २०१९ ची टक्कर याच्या उलट. त्या वेळी हॅनफोर्डची वेधशाळा बंद होती आणि व्हर्गोमधला संकेत क्षीण होता. शोधायचा भाग ८ हजार चौरस अंशांहून मोठा, म्हणजे आकाशाचा जवळपास पाचवा हिस्सा निघाला. तिचा उगम आजही सापडलेला नाही. तेव्हा आणखी एक सक्षम वेधशाळा जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरू असती, तर चित्र वेगळे असते. औंढ्याचे अमेरिका आणि युरोपपासूनचे अंतर या मोजमापासाठी अतिशय उपयोगी आहे. एखादी वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद असली तरी बाकीच्यांचे काम अडत नाही, हा आणखी एक फायदा.

औंढाच का, आणि तिथल्या भूकंपांचे काय?

या वेधशाळेला शांत जमीन लागते. सपाट विस्तीर्ण जागा, रेल्वे, महामार्ग आणि मोठ्या कारखान्यांपासून अंतर, स्थिर भूगर्भ या निकषांवर देशभरातील जागांची पाहणी झाली. त्यातून औंढा नागनाथजवळच्या दुधाळा परिसराची निवड झाली. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नाव त्यामुळे विज्ञानाच्या नकाशावर आले.

याच जिल्ह्यात २१ मार्च २०२४ च्या सकाळी सुमारे दहा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, त्यातील मोठा ४.५ तीव्रतेचा होता. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड आणि परभणीतही जाणवला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. वेधशाळेपुरते बोलायचे तर असा अधूनमधून येणारा धक्का काही काळ नोंदी थांबवतो. दूर देशातल्या मोठ्या भूकंपानेही अमेरिकेतील लायगोचा लेसर विस्कटतो आणि तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. इमारती आणि निर्वात नळ्यांच्या रचनेत भूकंपाचा विचार करावाच लागतो. पण वेधशाळेला खरा जाच होतो तो रोजच्या थरथरीचा. लुइझियानातील लिव्हिंग्स्टन वेधशाळेला आसपासची वृक्षतोड आणि आगगाड्यांमुळे अडथळे सोसावे लागले आहेत. औंढा परिसरात पुढच्या काळात होणारी वाळू-दगडांची अवजड वाहतूक, खडी केंद्रे, सुरुंगाचे स्फोट यांचे नियोजन म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

प्रकल्पाला इतका वेळ का लागत आहे?

मुळात हॅनफोर्डमध्ये बसवण्यासाठी तयार होणारा तिसरा संच परदेशात हलवावा, असा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियाला आधी विचारणा झाली, पण २०११ मध्ये तिथून निधीची हमी मिळाली नाही. २०१२ मध्ये तो संच भारताकडे वळवण्यास अमेरिकेतील संबंधित मंडळाने संमती दिली. गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला आणि सहा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. पूर्ण आर्थिक मंजुरी मिळायला मात्र एप्रिल २०२३ उजाडले. तेव्हा २,६०० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या वेळी २०३० पर्यंत वेधशाळा उभारण्याचे लक्ष्य सांगण्यात आले.

पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय यांच्याकडे जबाबदारी वाटून दिलेली आहे. या विषयात भारतीयांचा पाया आधीच घातलेला होता. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर आयुकातील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायगो उभी राहण्याच्या कितीतरी आधी काम केले होते.

उशिराचा फटका केवळ खर्चवाढीपुरता मर्यादित नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांची जवळची टक्कर कधी होईल, हे कोणाच्या हातात नसते. २०१७ सारखी टक्कर वेधशाळा अपुऱ्या असताना घडून गेली, तर ती पुन्हा पाहता येत नाही. त्यातच २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात निधीकपात करून दोनपैकी एकच लायगो चालवण्याची सूचना होती. या प्रस्तावावरून वैज्ञानिकांनी चिंता व्यक्त केली, कारण तिथली एक वेधशाळा थांबली तर दिशा ठरवण्याची क्षमताच कोलमडते. अशा वेळी औंढ्याच्या वेधशाळेचे मोल वाढते.

हिंगोलीला यातून काय मिळेल?

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, शेतीवर अवलंबून असलेला जिल्हा. लायगोमुळे मोठ्या कारखान्यासारखा रोजगार निर्माण होणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बांधकामाच्या काळात कामे मिळतील, त्यानंतर मात्र वेधशाळेत मर्यादित संख्येने तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञ लागतात. ते स्थानिक असतील का, हे जिल्ह्यातील आयटीआय, तंत्रनिकेतने आणि विज्ञान महाविद्यालये निर्वात तंत्रज्ञान, लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, विदा विश्लेषण यांचे शिक्षण कितपत देतात यावर ठरेल. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने आसपासच्या शाळांमध्ये विज्ञानाची गोडी लावली, तसे इथेही होऊ शकते.

त्याच वेळी शांततेच्या अटींचा भार स्थानिकांवर पडतो. आसपास कोणते उद्योग यावेत, रस्ते कुठून जावेत, यावर मर्यादा येऊ शकतात. त्या मर्यादा आधीच आणि स्पष्टपणे सांगितल्या गेल्या, तर वाद टळतील.

पुढे नेमके काय पाहायचे?

फरार यांचा सिद्धान्त खरा असेल, तर तीन गोष्टी दिसायला हव्यात. सर्वाधिक ऊर्जेचे कण लोहाहूनही जड निघायला हवेत, आणि हे ओजे वेधशाळेच्या नव्या शोधकांतून तपासले जाईल. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींची संख्या पुरेशी भरायला हवी, आणि ती लायगोच्या जाळ्यातून कळेल. गुरुत्वीय लहरींपाठोपाठ कधीतरी अतिउच्च ऊर्जेचा न्यूट्रिनो यायला हवा. यापैकी पहिलीच गोष्ट खोटी ठरली, सर्वाधिक ऊर्जेला बहुसंख्य प्रोटॉन सापडले, तर हा सिद्धान्त मागे पडेल आणि पुन्हा सक्रिय दीर्घिकांकडे वळावे लागेल. टकरी फारच कमी निघाल्या, तरीही ऊर्जेचा हिशेब जुळणार नाही.

यापैकी टकरींची संख्या आणि त्यांची दिशा, या दोन्ही बाबतींत औंढ्याच्या वेधशाळेचा वाटा मोठा असेल. उटीतील म्युऑन शोधक, अर्जेंटिनातील पाण्याच्या टाक्या, समुद्राच्या तळाचे न्यूट्रिनो शोधक आणि हिंगोलीतील लेसर ही एकाच तपासातील वेगवेगळी साधने आहेत. त्यातली तीन कामाला लागली आहेत. चौथे ठरल्या वेळेत कामाला लागते का, याकडे आता लक्ष असेल.